चौथी फळी आखूड का निघाली? वर्धा योजना आणि हातांनी शिकायचे गणित

१/
४८ इंच लांबीच्या फळीतून १२ इंचांचे तुकडे किती निघतील? पाटीवर उत्तर ४. सुताराच्या हाती मात्र चौथा तुकडा आखूड निघतो. जाड दात्यांची करवत प्रत्येक कापात एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, लाकूड भुशात घालवते. तीन काप, तीन सूत. शेवटच्या तुकड्याच्या वाट्याला येतात ११ पूर्णांक ५/८ इंच.

२/
पाटीवरचे उत्तर आणि फळीवरचे उत्तर यांतील हे तीन सुतांचे अंतर मुलाला कोणी दाखवायचे? १९३७ साली विदर्भात, वर्धा येथे, देशाच्या प्राथमिक शिक्षणाची एक योजना आखली गेली. सुतारकाम आणि बागकाम यांतून मुलांनी गणित शिकावे, हा तिचा एक भाग होता. तिचा संबंध आजच्या गोंदिया जिल्ह्याच्या भातशेतीपर्यंत पोहोचतो. त्या योजनेत काय होते आणि तिचे पुढे काय झाले, त्याचा हा इतिहास.

३/
आधी जुनी शाळा पाहू. पंतोजींच्या शाळेत मूल धूळपाटीवर अक्षरे गिरवी आणि सायंकाळी उजळणी म्हणे. पाढे केवळ पूर्णांकांचे नव्हते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढेही तोंडपाठ असत. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. आज गणकयंत्र हाती असलेल्यालाही तो सहज सांगता येणार नाही.

४/
या पाठांतरामागे व्यवहार होता. रुपयाचे १६ आणे, आण्याच्या १२ पै, मणाचे ४० शेर. अशा हिशेबात पाव, अर्धा, पाऊण हे रोजचेच. तरीही शाळेत बसलेले मूल पाऊणकी म्हणे ती बहुधा हातात काहीही न धरता. आणि गावात जो सुतार पाऊण इंचाचे भोक अचूक पाडीत असे, त्याच्या मुलाला त्या शाळेत जागा मिळेलच असे नव्हते. मोजणारे हात एका घरात होते आणि मोजण्याची भाषा दुसऱ्या घरात.

५/
या फटीवर महाराष्ट्रात नेमके बोट ठेवणाऱ्यांत महात्मा जोतीराव फुले अग्रभागी होते. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी खेड्यातील प्राथमिक शाळेसाठी मोडी व बाळबोध लेखन-वाचन, हिशेब आणि शेतीचे प्राथमिक ज्ञान यांची मागणी केली. शाळेला जोडून लहानसे नमुना-शेत असावे, हेही त्यांनी सुचविले. वर्धा योजनेच्या ५५ वर्षे आधीची ही मागणी आहे.

६/
त्याच सुमारास युरोपातही हालचाल सुरू होती. जर्मनीत फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये ब्लांकेनबुर्ग येथे लाकडी ठोकळे आणि मुलांचे वाफे यांभोवती बालशिक्षण उभारले. ‘किंडरगार्टन’ या शब्दातच बाग आहे. फिनलंडने १८६६ मध्ये हस्तकामाला लोकशाळांत स्थान दिले. स्वीडनमधील नेस येथे ओट्टो सालोमन यांनी लाकूडकामातून शिक्षण देणारे शिक्षक घडविले. १८९६ मध्ये जॉन ड्यूई यांच्या शिकागोतील प्रयोगशाळेत मुले सुतारकाम, स्वयंपाक आणि विणकाम यांतून विज्ञान-गणिताकडे जाऊ लागली.

७/
गांधीजींची वाट मात्र दक्षिण आफ्रिकेतून आली. १९१० मध्ये जोहान्सबर्गजवळ टॉलस्टॉय फार्मची स्थापना झाली. जमीन वास्तुविशारद हर्मन कॅलनबाख यांची. शिक्षकांना पगार देणे शक्य नव्हते, म्हणून तेथील रहिवासीच शिक्षक झाले. खड्डे खणणे, झाडे तोडणे, फळझाडांची निगा ही मुलांची रोजची कामे होती. कॅलनबाख यांना सुतारकाम येत होते, त्यामुळे सुतारकामाचा एक लहान वर्गही चाले. पुस्तकी अभ्यास दुपारी होई, आणि दमलेल्या मुलांना झोप आवरत नसे, हेही गांधीजींनी प्रांजळपणे नोंदविले आहे.

८/
आता १९३७. प्रांतिक स्वायत्तता आली, अनेक प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे बनली आणि लगेच पेच उभा राहिला. काँग्रेसला दारूबंदी हवी होती. प्रांतांच्या तिजोरीत मोठी भर पडे ती दारूवरील करातून, आणि शाळांचा खर्च त्याच तिजोरीतून भागे. दारू बंद केली तर शाळा कशा चालवायच्या? ‘हरिजन’ साप्ताहिकातून गांधीजींनी उत्तर मांडले: मुलांच्या हस्तोद्योगातून शाळेने आपला खर्च भागवावा. या योजनेच्या जन्मातच अध्यापनशास्त्र आणि अर्थशास्त्र एकमेकांत गुंतले होते. पुढचा सारा वाद याच गाठीचा आहे.

९/
२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. अध्यक्ष गांधीजी. झाकिर हुसेन, विनोबा भावे, काका कालेलकर, अर्थतज्ज्ञ के. टी. शाह, शास्त्रज्ञ प्रफुल्लचंद्र राय. मुंबई प्रांताचे बाळासाहेब खेर आणि मध्य प्रांत-वऱ्हाडचे शिक्षणमंत्री रविशंकर शुक्ल. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषा हे माध्यम, एखादा उत्पादक हस्तोद्योग हा केंद्रबिंदू आणि त्यातून हळूहळू शिक्षकाचे वेतन निघावे ही अपेक्षा, असे ठराव झाले.

१०/
तपशील ठरविण्यासाठी झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. निमंत्रक होते ई. डब्ल्यू. आर्यनायकम्, सिलोनचे तमिळ, शांतिनिकेतनात काम करून वर्ध्यात आलेले. समितीने २ डिसेंबर १९३७ रोजी अहवाल सादर केला. परिषदेनंतर अवघ्या सहा आठवड्यांत! कताई-विणकाम, सुतारकाम, शेती, फळे व भाजीपाल्याची बाग, चर्मकाम, अशी मूलोद्योगांची यादी त्यात होती. प्रदेशाला साजेसा उद्योग शाळेने निवडायचा होता.

११/
अहवालातील दैनंदिन वेळापत्रक पाहा. एकूण साडेपाच तास.
मूलोद्योग: ३ तास २० मिनिटे
संगीत, चित्रकला आणि अंकगणित मिळून: ४० मिनिटे
मातृभाषा: ४० मिनिटे
समाजशास्त्र आणि सामान्य विज्ञान: ३० मिनिटे
शारीरिक शिक्षण: १० मिनिटे
मधली सुट्टी: १० मिनिटे

गणिताला गाणे आणि चित्र यांच्यासह मिळून ४० मिनिटे. वाचणारा चकित होतो. गणित गेले कोठे?

१२/
ते त्या ३ तास २० मिनिटांत होते. अहवालाचा गणिताचा अभ्यासक्रम काही लहान नव्हता: चार मूलक्रिया, व्यवहारी व दशांश अपूर्णांक, त्रैराशिक, व्याज, क्षेत्रमापन, प्रायोगिक भूमिती आणि जमाखर्च लिहिण्याची ओळख. उद्योग, घर आणि गाव यांत उद्भवणारी उदाहरणे मुलाला झटपट सोडविता यावीत, हे उद्दिष्ट होते. उदाहरण पुस्तकातून कामाकडे जाणार नव्हते. कामात अडले की त्यातून उदाहरण निघणार होते.

१३/
काम आणि ज्ञान यांच्या या जोडणीला विनोबांनी ‘समवाय’ हा शब्द वापरला. भारतीय न्याय-वैशेषिक परंपरेतील ही संज्ञा. सूत आणि वस्त्र यांच्यासारखा अतूट संबंध म्हणजे समवाय. सकाळी बागकाम आणि दुपारी गणित, हा समवाय झाला नाही. ते केवळ शेजारीशेजारी बसणे झाले. बागकामाचे पाऊल गणितावाचून पुढे पडू नये, तेव्हा तो समवाय. वर्धा योजनेचे मर्म असे एका शब्दात मावते, आणि तिची सर्वांत अवघड अटही तीच आहे.

१४/
ही जोडणी प्रत्यक्षात कशी घडते, ते सुतारकामातून पाहू. मुलांना एक चौकट करायची आहे. दोन लांब पट्ट्या, दोन आखूड. मापे बरोबर असूनही चौकट तिरकी बसू शकते. गुण्या लावला तर कोपरा काटकोनात आहे की नाही, ते दिसते. गुण्या नसेल तर? दोरीने दोन्ही कर्ण मोजायचे. ते समान आले तर चौकट बरोबर. आयताचे कर्ण समान असतात हे प्रमेय येथे सिद्ध करण्याआधी उपयोगी पडते. आणि ‘का बरे असे होते?’ हा प्रश्न मूल स्वतःहून विचारण्याची शक्यता येथे अधिक असते.

१५/
आता बाग. १२ फूट लांब, ४ फूट रुंद वाफा; रोपांत एक-एक फुटाचे अंतर. रोपे किती? १२ गुणिले ४, म्हणजे ४८, असे वहीत येते. पण काठापासून काठापर्यंत रोपे लावली तर लांबीत १३ आणि रुंदीत ५ बसतात: ६५. काठापासून अर्धा फूट सोडून लावली तर ४८च. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. फरक आहे तो आपण जागा मोजतो की बिंदू, याचा. १७ रोपे कमी पडली, म्हणजे हा फरक विसरता येत नाही.

१६/
येथे शिक्षकाला लाल शाई लागत नाही. चूक फळी दाखविते, वाफा दाखवितो. शिवाय चुकीची किंमत ठरलेली असते. वाया गेलेल्या लाकडाचे पैसे शाळेच्या वहीत खर्चाच्या बाजूला मांडायचे, भाजीचे पैसे जमेच्या बाजूला. बेरीज जुळली नाही तर हिशेब पुन्हा तपासायचा. जमाखर्चाला अभ्यासक्रमात स्थान मिळाले ते याच विचाराने.

१७/
आता गोंदियाकडे. गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. १९३७ मध्ये हा सारा भाग मध्य प्रांत-वऱ्हाडात होता, आणि त्या प्रांताच्या शिक्षणमंत्र्यांनी, रविशंकर शुक्लांनी, वर्धा योजनेला आपली एक जोड दिली: विद्यामंदिर योजना. गावात दानाने जमीन मिळवायची, तिच्या उत्पन्नातून शिक्षकाचा पगार भागवायचा. २१ एप्रिल १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते वर्ध्यात विद्यामंदिर प्रशिक्षण शाळेचे उद्घाटन झाले. मालगुजारीच्या प्रांतात जमीन हीच शाळेची ठेव होणार होती.

१८/
अशी शाळा भंडारा-गोंदियाच्या भातपट्ट्यात कोणते गणित शिकविती, याचा विचार करण्याजोगा आहे. येथील शेत म्हणजे बांध्या. उताराप्रमाणे बांध घातल्याने बांधी क्वचितच आयताकृती असते. तिचे क्षेत्रफळ काढायचे तर तिचे त्रिकोण पाडावे लागतात. पऱ्हे किती जागेत टाकले म्हणजे किती बांध्यांची रोवणी होईल, हे सरळ त्रैराशिक. आणि पाणी? तलावाचे क्षेत्र गुणिले खोली, म्हणजे घनफळ.

१९/
हे गणित या भूमीला नवे नव्हते. पूर्व विदर्भातील मालगुजारी तलाव, ज्यांना लोक ‘मामा तलाव’ म्हणतात, त्यांच्या बांधणीत कोहळी समाजाची ख्याती आहे. गोंदिया जिल्ह्यातील नवेगाव बांधचा विस्तीर्ण तलाव त्याच परंपरेतला. कोठे पाळ घालावी, किती उंच ठेवावी, सांडवा कोठे काढावा, हे मोजमापावाचून जमत नाही. या ज्ञानाला शाळेचे दार कधी उघडले नव्हते. वर्धा योजनेने निदान तत्त्वतः ते उघडले.

२०/
पण आक्षेपही तितकेच खरे होते. वर्ध्याच्या परिषदेतच के. टी. शाह यांनी स्वावलंबनाच्या कल्पनेला विरोध केला. शाळांचा माल बाजारात आला तर गरीब कारागिराशी स्पर्धा होईल, आणि मुलांचे शिक्षण मजुरीत बदलेल, ही भीती होती. खुद्द झाकिर हुसेन समितीच्या अहवालात इशारा आहे की उत्पन्नावर भर देता देता शिक्षणाचा बळी जाऊ शकतो. मुस्लिम लीगने ‘विद्यामंदिर’ या नावालाच हरकत घेतली. आणि जातींनी उद्योग वाटून घेतलेल्या समाजात ‘मुलाने सुतारकाम शिकावे’ या वाक्याचा अर्थ प्रत्येक घरात एकच होत नव्हता. एकासाठी तो नवा अनुभव होता. दुसऱ्याला वाटे, ज्यातून सुटण्यासाठी शाळेत आलो, तेच पुन्हा हाती आले.

२१/
फेब्रुवारी १९३८ मध्ये हरिपुरा काँग्रेसने योजना स्वीकारली, हिंदुस्तानी तालीमी संघ स्थापन झाला. परंतु १९३९ च्या अखेरीस युद्धाच्या प्रश्नावर काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि सरकारी आधार गेला. १९४२ च्या आंदोलनाने उरलेसुरले कार्यकर्तेही विखुरले. सेवाग्रामची शाळा मात्र आर्यनायकम् आणि आशादेवी यांनी चालू ठेवली. जानेवारी १९४५ मध्ये सेवाग्रामच्या परिषदेत ‘नयी तालीम’ बालपणापासून प्रौढांपर्यंत, आयुष्यभराच्या शिक्षणापर्यंत विस्तारली.

२२/
प्रत्यक्षात बहुतेक शाळांत यादीतील एकच उद्योग मोठा झाला: कताई. तकली स्वस्त, जागा नको, पाणी नको. याउलट रंधा, पटाशी, करवत आणि वाळलेले लाकूड यांना पैसा लागतो; बागेला विहीर लागते. सूत मोजण्यातही गणित आहे, पण त्याचे प्रश्न लवकर संपतात. चौकट, तिरका कोपरा, वेडीवाकडी बांधी हे नवे प्रश्न विचारीत राहतात. स्वस्त उद्योग निवडताना गणिताची श्रीमंती कमी झाली.

२३/
स्वातंत्र्यानंतर मूलोद्योग शाळा वाढल्या. महाराष्ट्रातील अनेक जुन्या शाळांच्या पाट्यांवर ‘जीवन शिक्षण मंदिर’ हे शब्द आजही दिसतात, ते त्या काळाचे अवशेष. पण शहरांतील शाळा जुन्याच वाटेने चालल्या. ‘खेड्याला टकळी, शहराला पुस्तक’ अशी विभागणी पडली आणि खेड्यातील पालकांनी ती ओळखली. ज्या शिक्षणातून साहेबांची मुले जात नाहीत, ते आमच्याच मुलांना का? या प्रश्नाला कोणाकडे उत्तर नव्हते. योजनेचा खरा पराभव येथे झाला.

२४/
१९६४-६६ च्या कोठारी आयोगाने ‘कार्यानुभव’ सुचविला. तत्त्व तेच होते, पण शाळेत पोहोचेपर्यंत त्याचा एक तास झाला. मुले कागदाची फुले करीत, गुण मिळत, आणि पुढचा तास गणिताचा असे. दोन तासांमध्ये घंटा वाजे. समवाय तुटण्यास तेवढी घंटा पुरेशी होती.

२५/
तरीही धागा संपला नाही. १९८३ मध्ये डॉ. कलबाग यांनी पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला. तेथून माध्यमिक शाळांसाठी ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा अभ्यासक्रम उभा राहिला: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य. गावाला सेवा देता देता शिकायचे आणि प्रत्येक कामाचा खर्च लिहायचा. सेवाग्राममध्ये २००५ साली आनंद निकेतन ही शाळा नव्याने सुरू झाली. बाग, स्वयंपाक, कताई हे तेथे पुन्हा अभ्यासाचे विषय झाले.

२६/
२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी १० दिवस ‘दप्तराविना’ सुचविले आहेत. त्या काळात सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक जाणकारांकडून शिकावे, असे धोरण सांगते. राज्यातील अनेक शाळांत माध्यान्ह भोजनासाठी परसबागाही फुलल्या आहेत. १९३७ च्या आराखड्यात उद्योगाला रोज ३ तास २० मिनिटे होती. येथे १० दिवस आहेत. तुलना बरोबरीची नाही.

२७/
पण वेळेपेक्षा जुना प्रश्न मोठा आहे. गोंदियाच्या एखाद्या शाळेत परसबागेतील मेथी निवडली जाईल, तेव्हा ती मोजली जाईल काय? वाफ्यात रोपे कमी पडली तर गणिताचे शिक्षक तेथे उभे असतील काय? वर्ध्याच्या त्या समितीला हे ठाऊक होते की अशा शिक्षकावाचून सारी योजना निव्वळ मजुरी ठरेल. म्हणूनच तिने शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी स्वतंत्र आणि दीर्घ अभ्यासक्रम मांडला होता. तो पूर्ण राबविण्याइतका अवधी इतिहासाने दिला नाही.

२८/
ज्यांच्या घरी फूटपट्टी, करवत आणि थोडे टाकाऊ लाकूड आहे, त्यांनी थोरांच्या देखरेखीखाली १/ मधला प्रयोग करून पाहावा. ४८ इंचांची पट्टी, तीन काप. चौथा तुकडा मोजावा. मग अशी पट्टी किती लांब घ्यावी म्हणजे चारही तुकडे नेमके १२ इंचांचे निघतील, ते काढावे. आपल्या करवतीचा काप किती जाड आहे, हे आधी मोजावे लागेल.